राशींची नाणी आणि राणीछाप रुपया

चिनी वर्षगणनेतल्या बारा प्राण्यांची चांदीची नाणी आज जगभरचे संग्राहक जमवतात. चीनने १९८१ मध्ये कोंबड्याच्या वर्षापासून ही मालिका सुरू केली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या टांकसाळीने १९९९ मध्ये सशापासून चांदीची मालिका काढली. या नाण्यांवर किंमत छापलेली असते, पण ती बाजारात कोणी मोडत नाही. म्हणून ही खरी नाणीच नव्हेत, असा आक्षेप घेतला जातो. भंडाऱ्याकडच्या लाखनीसारख्या गावात चांदीच्या रुपयाचे काय झाले हे पाहिले, तर तो आक्षेप टिकत नाही.

या नाण्यांचे मूळ शोधताना कोणालाही आधी मुघल बादशहा जहांगीर आठवेल. १६१८ मध्ये त्याने नाण्यावर महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र घालायला लावले. तसे रुपये अहमदाबादेत पडले, मोहरा आग्र्यात. पण ती नाणी नेहमीच्या चलनी वजनाची होती. चित्राची कल्पना सारखी असली तरी काम वेगळे, त्यामुळे मला नाते दुसरीकडे, लाखनीच्या घरांतल्या रुपयाशी दिसते.

भंडारा-साकोली रस्त्यावरचे लाखनी नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले आणि इंग्रजी अंमल आला. त्या अंमलाचा कलदार रुपया (राणीचे चित्र असलेला तो राणीछाप) तोळाभर वजनाचा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. जुना रुपया खर्चायला कोण काढणार? तो पेटीत गेला, कडी लावून गळ्यातल्या माळेत गेला, लक्ष्मीपूजनाच्या पाटावर बसला. ही निव्वळ धातूची बचत होती, असे कोणी म्हणेल. बचत होतीच, अडीअडचणीला माळ सोनाराकडे जायचीच. पण चांदीच हवी असती तर लगडीनेही भागले असते. पूजेला मात्र छापाचा रुपया लागतो, आणि आता तो मिळेनासा झाल्यावर लोक धनत्रयोदशीला लक्ष्मी-गणपतीचे नाणे विकत घेतात, ज्याला चलनात काडीची किंमत नाही. न खर्चण्याचे नाणे आपल्याकडे असे घरोघरी रुजले आहे.

एक फरक मात्र खरा आहे. संग्राहकाला नाणे अस्पर्श हवे असते, घरातल्या रुपयाला हळदकुंकू लागते. कडी काढल्यावर कडेला राहिलेला डाग संग्राहक दोष मानतो आणि किंमत पाडतो. मग तो रुपया वितळवायला जातो. हे मला चुकीचे वाटते. चलनातून उठल्यावर रुपया कुठे गेला, याचा लेखी हिशेब लाखनीच्या घरांनी ठेवलेला नाही. तो त्या डागातच आहे.