‘ढ’ कुणी ठरवलं?

कॅम्पस प्लेसमेंटच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये माझा कटऑफ २ गुणांनी हुकला. त्या रात्री मी स्वतःला ‘ढ’ ठरवून मोकळा झालो. बुद्धीला आकडा लावायची ही सवय आली कुठून, ते नंतर वाचलं.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थेओडोर सिमाँ यांनी ३० प्रश्नांची चाचणी बनवली. हेतू साधा होता: शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवायचं. बुद्धी वाढूच शकत नाही, हे बिनेला मान्य नव्हतं. १९११ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्ननं मानसिक वयाला खऱ्या वयानं भागलं. १९१६ मध्ये अमेरिकेत लुइस टर्मननं त्याला १०० नं गुणलं आणि ‘आयक्यू’ रूढ झाला.

मग मापाचा शिक्का झाला. व्हर्जिनियातल्या कॅरी बकची चाचणी घेऊन तिला ‘मंदबुद्धी’ ठरवलं गेलं. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या संमतीनं तिची सक्तीनं नसबंदी झाली. तिच्या तान्ह्या मुलीवर, व्हिव्हियनवरही तोच शिक्का होता. पुढे शाळेत व्हिव्हियनचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं.

बिनेच्या चाचणीनंतर पुढचा प्रश्न असायचा: आता याला काय शिकवू? त्या रात्री तो मला कुणी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नव्हता.