विनोदाची मालकी : क्लाइड ब्रकमन यांची कारकीर्द

हॉलिवूडच्या मूकपटांतील विनोदाचा इतिहास आपण बहुधा नटांच्या नावाने लिहितो : बस्टर कीटन, हॅरल्ड लॉइड, लॉरेल आणि हार्डी. या सर्वांचे चित्रपट दिग्दर्शित करणारे क्लाइड ब्रकमन मात्र त्या इतिहासाच्या तळटीपेत राहिले. त्यांच्या कारकिर्दीने उपस्थित केलेला प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही टाळता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

१८९४ साली कॅलिफोर्नियात जन्मलेले ब्रकमन मूळचे क्रीडापत्रकार. १९२०च्या दशकाच्या आरंभी ते कीटन यांच्या लेखकवर्गात आले. तेथे बंदिस्त पटकथेवर भर नसे. एकाने कल्पना मांडावी, दुसऱ्याने तिला वळण द्यावे, तिसऱ्याने शेवट सुचवावा, अशी रीत होती. ‘शेरलॉक ज्युनियर’ आणि ‘द नेव्हिगेटर’ (दोन्ही १९२४) या सामूहिक खटाटोपातून घडले. ‘द जनरल’च्या (१९२६) दिग्दर्शनाचे श्रेय कीटन यांच्याबरोबर ब्रकमन यांनाही मिळाले. पुढे त्यांनी लॉरेल-हार्डींचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ (१९२७) आणि लॉइड यांचा ‘मूव्ही क्रेझी’ (१९३२) दिग्दर्शित केला.

‘मूव्ही क्रेझी’त नायक चुकून जादूगाराचा कोट घालून मेजवानीस जातो आणि त्या कोटातून नको त्या वस्तू नको त्या क्षणी बाहेर पडू लागतात. मद्यासक्तीमुळे दिग्दर्शन हातचे गेल्यावर ब्रकमन स्वस्तातल्या विनोदपटांचे लेखन करू लागले. तेव्हा त्यांनी हाच प्रसंग पुन्हा वापरला. युनिव्हर्सलच्या ‘सोज युअर अंकल’मध्येही (१९४३) तो आला. लॉइड यांच्या कंपनीने दावा लावला. १९४७ साली अपील न्यायालयाने चाळीस हजार डॉलरांची भरपाई कायम केली. ब्रकमन यांना काम मिळणे दुरापास्त झाले आणि जानेवारी १९५५मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले.

न्यायालय चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. सुटी विनोदी कल्पना सर्वांची असू शकते. परंतु विशिष्ट क्रमाने रचलेला सबंध प्रसंग ही निर्मिती असते, आणि ती लॉइड यांच्या कंपनीच्या मालकीची होती. तथापि ज्याने तो प्रसंग दिग्दर्शित केला, त्याने तो कोणाकडून चोरला? कायद्यास मालक ओळखता येतो. कर्ता नेहमीच ओळखता येतो असे नाही. ज्या व्यवसायाने ब्रकमन यांना विनोद ही सामाईक शिदोरी असल्याचे शिकविले, त्यानेच वीस वर्षांनी तिचा हिशेब मागितला.

१९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘द जनरल’ होता. त्यात कीटन यांचा वाटा मोठा, हे निर्विवाद. तरीही वर्गात तो दाखविताना श्रेयनामावलीतील दुसऱ्या नावापाशी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती.