अमेरिकेतली लढाई आणि आपली पऱ्हाटी



शाळेत असताना अमेरिकेतलं यादवी युद्ध मी एका तासात उरकत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "गुरुजी, याचा आपल्याशी काय संबंध?" मी त्याला दटावून खाली बसवलं. खरं म्हणजे संबंध मलाच ठाऊक नव्हता. निवृत्तीनंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की तो आमच्या गिरडच्या शिवारातच होता.

१८६० साली अमेरिकेत जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती. दक्षिणेतला कापूस त्यांच्याच कष्टावर पिकत होता. पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशात गुलामगिरी जाऊ द्यायची की नाही, यावरून तंटा वाढत गेला. तिचा विस्तार रोखू म्हणणारा लिंकन निवडून आला आणि दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं असं अजूनही काही जण सांगतात. मला ते पटत नाही. आधी फुटलेल्या साउथ कॅरोलिनाने आपल्या जाहीरनाम्यात कारण म्हणून गुलामगिरीचाच पाढा वाचला आहे.

एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिटमला एका दिवसात २० हजारांहून जास्त माणसं मेली वा जखमी झाली. त्यानंतर लिंकनने १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्याच जुलैत गेटिसबर्गला जनरल ली हरला, दुसऱ्याच दिवशी व्हिक्सबर्ग पडलं आणि पारडं फिरलं. एप्रिल १८६५ मध्ये ली ग्रँटला शरण आला. सहा लाखांवर सैनिक गेले.

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली होती. त्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर इकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर त्या गावाच्याच नावाने विकला जाई. भाव असे चढले की मुंबईत समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांचं वेड लागलं. मालात भेसळही इतकी होऊ लागली की १८६३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. (आमच्या लोकांची हुशारी!) गंमत म्हणजे रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये, लढाई संपून दोन वर्षं झाल्यावर.

तोवर भाव कोसळले होते. १८६५ च्या जुलैत मुंबईचे भलेभले शेठ बुडाले. आमच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी कथा लहानपणी ऐकली होती. मुंबईचं वाचताना तीच आठवली. असो.

पण शेठ बुडाला तर त्याचं नाव पुस्तकात येतं. तेजीच्या जोरावर सावकाराने कास्तकाराला सढळ हाताने कर्ज दिलं होतं. भाव उतरले, कर्ज तसंच राहिलं. त्यात सरकारने सारा वाढवला. १८७५ मध्ये पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यामागे ही गोष्टही होती.

याच युद्धाकडे पुण्यातल्या एका माणसाने मात्र कापसाच्या भावापलीकडे पाहिलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. माझ्या जिल्ह्यातल्या मालाला भाव आला तो तिकडे माणसं मरत होती म्हणून. आणि ती कशासाठी मरत होती, हे ओळखून फुल्यांनी तोच शब्द आपल्याकडच्या शूद्र-अतिशूद्रांच्या स्थितीला लावला. अर्पणपत्रिका मी बीएला असताना वाचली होती. कापसाशी तिचा धागा जोडायला इतकी वर्षं लागली.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला कास्तकार आहे. यंदा पोळ्याला पाया पडायला आला, तेव्हा त्याला बसवून हे सगळं सांगितलं आणि उशीर झाला म्हणून माफीही मागितली. तो ओशाळून हसला. चहा संपवून म्हणाला, "गुरुजी, म्हणजे आपल्या पऱ्हाटीचा भाव तेव्हाही बाहेरचेच ठरवत होते."