बंगळूरच्या दरबारातली तंद्री

येलहंक्याचे नाडप्रभू म्हणजे केंपेगौडाचे घराणे. त्यातल्या पहिल्या केंपेगौडाने 1537 मध्ये येलहंक्याच्या दक्षिणेला बंगळूरचा कोट उभारला. ‘गंगागौरीविलासमु’ हे तेलुगू यक्षगानही त्याच्याच नावावर सांगतात. पुढे शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, आदिलशाहीच्या बाजूने रणदुल्लाखान आणि शहाजीराजे या मुलखावर चालून आले. गौडाचे घराणे मागडीकडे सरकले आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. कन्नड मुलखात बसून तेलुगूत रचना करणाऱ्यांच्या जागी मराठी बोलणारा आणि संस्कृतात रमणारा दरबार आला. अनेक भाषांत काव्य करण्याची या मातीची खोड मात्र मोडली नाही. याच दरबारात नाशिककडच्या मार्कंडेयगडाच्या परिसरातला जयराम पिंड्ये दाखल झाला आणि त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा कशाला, तर आपण बारा भाषांत कविता करतो म्हणून! हा सारा प्रसंग त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त, म्हणजे गद्य-पद्य मिसळलेल्या काव्यात, आहे, आणि वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह तो ग्रंथ छापला नसता तर आज आपल्याला त्याचा पत्ताही नसता. इतिहासकार त्यातून शहाजीराजांचे चरित्र शोधतात. पण निर्मितीची तंद्री कशी लागते, या प्रश्नालाही त्यात एक उत्तर आहे आणि ते आपल्या आजच्या समजुतीच्या उलट जाते.

आजची समजूत अशी, की तंद्री ही एकांतात, मोकळ्या वेळी, कसलेही बंधन नसताना लागते. तिची वाट पाहावी लागते. बंगळूरच्या दरबारात वाट पाहायला कुणाला सवड नव्हती. तिथे समस्या घातली जाई. म्हणजे श्लोकाचा एक चरण, बहुधा अर्थाने अडचणीचा, कवीपुढे टाकायचा आणि उरलेले चरण त्याने तिथल्या तिथे रचायचे. परंपरेतला एक प्रसिद्ध नमुना घ्या. आकाशात शंभर चंद्र आहेत, एवढेच शेवटच्या आठ अक्षरांत सांगितलेले. अनुष्टुभ छंद ठरलेला, म्हणजे आधीची चोवीस अक्षरे कवीची. त्यात हे अशक्य वाक्य खरे करून दाखवायचे. कवीने ते केले कसे? कृष्णाच्या हाताचा तडाखा बसून डोके गरगरलेल्या चाणूर मल्लाला शंभर चंद्र दिसले, असे म्हणून! आडवी आलेली भिंतच इथे दार झाली. काय करायचे ते ठरलेले, जमले की नाही ते सभेच्या माना डोलण्यावरून लगेच कळणारे, आणि काम कवीच्या ताकदीच्या अगदी कडेवरचे. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद यांच्याशी बोलून मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने 1975 च्या पुस्तकात तंद्रीच्या ज्या अटी मांडल्या, त्या जवळपास याच आहेत.

यावर पहिला आक्षेप आपल्याच काव्यशास्त्राचा. आठव्या शतकातला काश्मीरचा वामन चित्ताच्या एकाग्रतेसाठी निर्जन जागा आणि रात्रीचा चौथा प्रहर सांगतो, सभा नव्हे. हे खरेच. पण सुमारे 900 च्या आसपासचा राजशेखर, जो स्वतःच्या घराण्याचे नाते महाराष्ट्राशी सांगतो, ‘काव्यमीमांसे’त दोन मते समोरासमोर ठेवतो. श्यामदेवाच्या मते कवीला समाधी हवी, मंगलाच्या मते अभ्यास. राजशेखर दोन्ही घेतो: समाधी हा आतला प्रयत्न, अभ्यास हा बाहेरचा, आणि दोन्ही मिळून शक्ती उजळतात. एवढेच करून तो थांबत नाही, तर कवीचा दिवस प्रहराप्रहराने आखून देतो आणि त्यात रचनेबरोबर जेवणानंतरची काव्यगोष्ठीही घालतो. म्हणजे वामनाचा एकांत हा तयारीचा भाग झाला. सभेत चोवीस अक्षरे सुचतात ती अशा कितीतरी पहाटांच्या पुंजीतून. कर्नाटक-आंध्रात टिकलेल्या अष्टावधानात, म्हणजे आठ पृच्छकांची आव्हाने एकाच वेळी पेलण्याच्या खेळात, तर ‘अप्रस्तुतप्रसंग’ नावाचा पृच्छकच असतो, आणि मध्येच भलतेसलते विचारून अवधान्याची तंद्री मोडू पाहणे हेच त्याचे काम. बंगळूरचे शतावधानी रा. गणेश यांनी अशी हजाराहून अधिक अवधाने केली आहेत. तंद्री शांततेवरच जगत असती तर हा खेळ पहिल्याच फेरीत संपला असता.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. जयरामाने स्वतःच स्वतःची फुशारकी लिहिली, आश्रयदात्याची स्तुती हा तर त्याचा धंदाच. मग साक्ष कितपत धरायची? बारा भाषांपैकी काहींत त्याची मजल चार ओळींपुढे जात नसेलही. पण फुशारकी मारतानाही माणूस तीच मारतो जी ऐकणाऱ्यांना कळते. ज्या दरबाराला समस्येची अडचण ठाऊक नाही, त्याला तिच्या पूर्तीचे कौतुक कसले? आणि हा भाटगिरीचा प्रकार, खरी कविता तुकोबांची, असे कुणी म्हटले तर अभंगाचीही अक्षरे मोजलेली आहेत हे विसरू नये. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार. तुकोबांची उंची त्या मापामुळे आली असे मुळीच नाही, पण ते माप त्यांच्या वाटेत आडही आले नाही. समस्यापूर्तीची मर्यादा वेगळीच आहे. ती क्षणाची कला आहे, तिच्यातून श्लोक निघतो, महाकाव्य निघत नाही. खुद्द जयरामालाही चंपू लिहायला दरबारातून उठून बैठकीवर यावेच लागले असणार.

मराठीत हा वारसा पंडितांकडे फारसा उरला नाही. तो शाहिरांनी उचलला. कलगी-तुऱ्याच्या फडात एकाने कोडे गाऊन घालायचे आणि दुसऱ्याने ते गाऊनच सोडवायचे; कोकणात शक्ती-तुऱ्याचे हे सामने आजही रात्र रात्र रंगतात.