शेतातले सोयाबीन, ताटातले सोयाबीन

नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेने बारामतीहून इंदापूरच्या बाजूस जाताना, श्रावणाच्या सुमारास, उसाच्या उंच फडांमधून मधूनच जी बुटकी, लवदार पानांची आणि पांढऱ्या वा जांभळट बारीक फुलांची शेते दृष्टीस पडतात, ती या मुलखाच्या जुन्या वहिवाटीतील नव्हेत. आज त्यांची नोंद सातबाऱ्याच्या पीकपाहणीत दरसाल होते, त्या पिकाच्या भावावर दिवाळीचा बाजार ठरतो. परंतु ज्या स्त्रियांनी या शेतांची खुरपणी केली त्यांच्या आज्यांना या धान्याचे नावही ठाऊक नव्हते. आणि आता त्याच स्त्रियांना, हे धान्य खाल्ल्याने स्तनाचा कर्करोग होतो काय, अशी शंका भेडसावते. ही शंका इथवर कशी आली हे समजून घ्यायचे, तर आधी ते धान्य इथवर कसे आले हे पाहिले पाहिजे.

शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, चाकण यांच्याबरोबर ज्या इंदापूरचे नाव येते तो परगणा, आणि त्याला लागून असलेला कऱ्हाकाठचा कसबे बारामतीचा प्रदेश, हा मूळचा अवर्षणाचा. बाजरी आणि ज्वारी ही येथली भाकरी. तूर, मटकी, हुलगा ही येथली डाळ-उसळ. हुलग्याचे माडगे पिऊन पाऊसकाळाची थंडी काढणाऱ्या या जिराईत गावांचे दैव १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने अगदी उघडे पाडले, आणि त्यानंतर भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या कालव्याने जेव्हा या काळ्या रानात खेळू लागले, तेव्हा एकाच तालुक्याचे जिराईत आणि बागाईत असे दोन तालुके झाल्यासारखे झाले. बागाइतात ऊस आला. पुढे वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. पण उसामागून ऊस घेतल्याने जमीन थकते, तिला द्विदल पिकाचा बेवड लागतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र जमिनीत आणणाऱ्या सोयाबीनला येथे जागा मिळाली ती प्रथम या वाटेने.

बियाणे मात्र आभाळातून पडले नाही. भारतात या धान्याचा पुरस्कार करणाऱ्यांत महात्मा गांधींचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. १९३५ च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग करविले आणि ‘हरिजन’मधून त्यांविषयी लिहिले. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिन पडावे एवढाच त्यांचा हेतू होता. तो प्रयोग रुजला नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने जबलपूर आणि पंतनगर येथे नव्या वाणांच्या चाचण्या झाल्या, १९६७ साली अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला, आणि प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, त्या कार्यात सहभागी झाली. या संस्थेचे प्रयोगक्षेत्र बारामती तालुक्यातच, सोमेश्वरनगरजवळ होळ येथे आहे. ज्या वाणांच्या नावाआधी ‘एमएसीएस’ ही अक्षरे येतात, ते ५८, १२४, ४५०, आणि अलीकडचे १४०७, ही सारी याच संस्थेची निर्मिती. दूरदेशीच्या धान्याला या मातीत रुळवण्याची खटपट माझ्या जिल्ह्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, याचा मला अभिमान वाटतो.

परंतु पीक रुळले तरी पदार्थ रुळला नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. काढणीच्या दिवसांत वाळलेल्या शेंगांची टोके हाताला बोचतात म्हणून बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून बायका पहाटेच्या दहिवरात विळा चालवतात. मळणी होते, पोती आडतीवर जातात. तेथे आडत्या मूठभर दाणे तळहातावर पसरून ओलावा पाहतो, डागी दाणे वेगळे करतो, भाव सांगतो. आणि तेथून माल तेलगिरणीकडे जातो. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन आणि २० टक्के तेल. तेल आपल्या कढईत परत येते. प्रथिनाने भरलेली पेंड कोंबड्यांच्या आणि गाईंच्या खाद्यात जाते, नाही तर परदेशी रवाना होते. ज्या द्रव्यांमुळे सोयाबीनविषयी एवढा ऊहापोह झाला ती आयसोफ्लेवोने शुद्ध केलेल्या तेलात जवळजवळ नसतातच. ती पेंडीबरोबर निघून जातात. म्हणजे आपल्या घरात सोयाबीनचा जो अंश सर्वांत अधिक येतो, त्यात शंकेचे कारण असलेले द्रव्यच नाही.

उरतात ते दोन प्रकार. एक, पेंडीपासून बनणाऱ्या वड्यांची रश्शाची भाजी, जी वसतिगृहांच्या खाणावळीतून गावोगावी पोचली. आणि दुसरा, दळणात मिसळलेले सोयाबीन. कच्च्या दाण्याला उग्र हिरवट वास असतो, आणि पचनास अडथळा करणारे एक द्रव्यही त्यात असते, जे नीट शिजवल्या-भाजल्याने बहुतांशी नष्ट होते. म्हणून जाणती गृहिणी दाणे खमंग भाजते आणि दहा किलो गव्हात किलोभर घालते. नुसते सोयाबीन गिरणीवाला दळून देत नाही, कारण तेलाने दगड चोंदतो.

इंदापूर तालुक्यातील नीराकाठच्या एका घरी मला ही शंका प्रथम समोरासमोर भेटली. त्या मावशींवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झाले होते, गोळ्या चालू होत्या, आणि शहरातल्या भाचीने त्यांना बजावले होते की सोयाबीनचा कणही पोटात जाऊ द्यायचा नाही. ओसरीवर त्याच हंगामाची चौदा पोती थप्पीला लावलेली होती. त्यांच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “पिकवायचं आम्ही, आणि खायला गेलं की इख व्हय रं बाबा?”

भाचीचे भय निराधार कल्पनेतून आलेले नव्हते. जेनिस्टीन हे आयसोफ्लेवोन १८९९ साली युरोपात एका रंगाच्या झुडपातून प्रथम वेगळे केले गेले. १९४० नंतरच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात तशाच द्रव्यांनी युक्त अशा क्लोव्हर नावाच्या गवती द्विदलावर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या, तेव्हा ही द्रव्ये स्त्रीच्या देहातील ईस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतात हे लक्षात आले. स्तनाचे बरेच कर्करोग ईस्ट्रोजेनवर पोसतात. तेव्हा शंका येणे स्वाभाविक होते. पुढे ज्या इलिनॉय विद्यापीठाने भारताला सोयाबीन लावण्यास हात दिला, तेथेच विसाव्या शतकाच्या अखेरीस, प्रतिकारशक्ती नसलेल्या आणि अंडाशय काढलेल्या उंदरांत मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी रोवून त्यांना जेनिस्टीन दिले असता गाठी वाढल्या. भयाचा उगम तो. पण उंदराचे शरीर या द्रव्याची विल्हेवाट आपल्यासारखी लावत नाही, आणि ईस्ट्रोजेन पेशीतील ज्या दोन ग्राहींना चिकटते त्यांपैकी दुसऱ्या, १९९६ साली सापडलेल्या ग्राहीशी जेनिस्टीन मानवी देहात अधिक सलगी करते, ज्याचे कार्य पहिल्याहून भिन्न आहे.

म्हणून साक्ष घ्यायची ती स्त्रियांचीच. ती चीन-जपानात मिळाली, कारण तेथे हे धान्य शतकानुशतके ताटात आहे. शांघायमध्ये कर्करोगातून उठलेल्या ५,०४२ स्त्रियांचा मागोवा घेणारा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक सोया खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. २०१२ साली चीन आणि अमेरिकेतील ९,५१४ रुग्ण स्त्रियांची माहिती एकत्र केली असता हानीचे चिन्ह दिसले नाही, उलट रोग उलटण्याचे प्रमाण कमीच दिसले. निरोगी स्त्रियांच्या बाबतीत आशियात सोया अधिक खाणाऱ्यांना हा रोग कमी होतो, पाश्चात्त्य देशांत तसा फरक आढळत नाही. तेथे खाण्याचे प्रमाणच अल्प, आणि लहानपणापासूनची सवयही नाही. हे सारे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. सोया खाणाऱ्या स्त्रिया इतर बाबतींतही निराळ्या असू शकतात, हे विसरून चालणार नाही. अर्कापासून केलेल्या आयसोफ्लेवोनच्या गोळ्या ही तर अगदी वेगळी बाब. जेवणातील मूठभर दाण्यांच्या साक्षीवर त्यांना निर्दोष ठरवता येत नाही, आणि उपचार चालू असता त्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

मग आपल्या मुलखातील स्त्रीने यातून काय घ्यावे? इंदापूरच्या पूर्वेस, सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे १९८७ सालापासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही चालते. त्या दफ्तरात स्तनकर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसत आले. बार्शीच्या खेड्यांतील त्या स्त्रियांच्या परंपरागत आहारात सोया नव्हते. तेव्हा त्यांचे रक्षण सोयाने केले असे म्हणता येत नाही, आणि शहरातील वाढ सोयामुळे झाली असेही म्हणता येत नाही. लवकरचे पहिले बाळंतपण, अधिक मुले आणि दीर्घकाळचे स्तनपान यांचा वाटा त्यात मोठा. या गोष्टींचा संबंध इंग्लंडात जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने १९२६ सालीच दाखवून दिला होता. मला खंत वाटते ती निराळीच. गाठ हाताला लागल्यावरही सुगी आटोपेपर्यंत, लग्नसराई सरेपर्यंत, ती कोणाला न सांगणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. मुंबईत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर जो दीर्घ प्रयोग केला, त्यात केवळ प्रशिक्षित सेविकेने ठरावीक काळाने हाताने तपासणी केल्याने पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्यासाठी ना मोठे यंत्र लागले, ना पथ्य.

मावशींनी पुढच्या खेपेस आपल्या डॉक्टरांना विचारले. जेवणातल्या सोयाबीनला त्यांची हरकत नव्हती. मी पुन्हा गेलो तेव्हा चुलीवर लोखंडी कढई होती, दाणे तडतडत होते, आणि दळणाचा गव्हाचा डबा दाराशी येऊन थांबला होता.