ट्रकची चेसिस सरळ करणे

ट्रकची चेसिस सरळ करणे म्हणजे अपघात, अतिभार किंवा दीर्घ वापर यांमुळे वाकलेला अथवा पिळलेला मालवाहू वाहनाचा पोलादी सांगाडा मोजमाप घेऊन मूळ आकारात आणण्याची दुरुस्ती होय. बोलीत चेसिसला 'चासी' असेही म्हणतात. हे काम मुख्यतः गॅरेजमध्ये होते. खर्च आणि वाहन उभे राहण्याचा काळ वाचावा म्हणून काही मालक-चालक ते घरच्या अंगणातही करू पाहतात. साध्या पोलादाच्या ट्रॉलीबाबत घरगुती दुरुस्ती बऱ्याच अंशी शक्य असते. महामार्गावर धावणाऱ्या ट्रकबाबत मात्र तिला ठळक मर्यादा आहेत.

रचना

ट्रकचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब उभ्या तुळया (लाँग मेंबर) आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या (क्रॉस मेंबर) हे त्याचे मुख्य भाग. लांब तुळईचा छेद इंग्रजी 'सी' अक्षरासारखा असतो. मधला उभा भाग आणि वर-खाली वळलेल्या दोन कडा मिळून तो बनतो. इंजिन, केबिन, हौदा आणि कमानपाटे यांचा भार याच तुळयांवर येतो. तुळई भाराखाली लवते तेव्हा सर्वाधिक ताण वरच्या व खालच्या कडांवर येतो आणि मधल्या उभ्या भागावर तो तुलनेने कमी असतो. म्हणून कडांना भोक पाडणे, त्यांवर वेल्डिंग करणे किंवा त्या कापणे सांगाड्यास सर्वांत घातक ठरते.

उघड्या छेदाची तुळई पिळास फारसा विरोध करीत नाही. खाचखळग्यांच्या रस्त्यावर एक चाक उचलले गेले की सांगाडा किंचित पिळतो व पुन्हा पूर्ववत होतो. ही लवचिकता हेतुपूर्वक ठेवलेली असते. मूळचे रिव्हेट काढून सर्व सांधे वेल्डिंगने घट्ट केल्यास पिळाचा ताण सांध्यांवर एकवटतो आणि तेथे तडे जातात.

वाकण्याची कारणे

धुळे शहर मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या जुन्या महामार्गांच्या छेदस्थानी वसले आहे. पूर्वी अनुक्रमे राष्ट्रीय महामार्ग ३ व ६ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मार्गांना २०१० च्या फेररचनेत नवे क्रमांक मिळाले. सुरत–नागपूर मार्ग पुढे जळगाव व भुसावळवरून जातो. धुळ्याजवळच्या लळिंग घाटात जड वाहनांची सतत ये-जा असते. केळी, कापूस आणि धान्य यांची वाहतूक या प्रदेशाच्या अर्थव्यवहाराचा कणा आहे.

समोरून किंवा कडेने बसलेली धडक, वाहन उलटणे, हौद्याच्या एकाच भागात रचलेला जड माल आणि परवानगीपेक्षा अधिक भार ही सांगाडा वाकण्याची प्रमुख कारणे होत. तापीखोऱ्यातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाक रुतले असता भरलेले वाहन तिरपे ओढून काढल्यानेही सांगाडा पिळू शकतो.

विकृतीचे प्रकार

* लवणे : तुळई मध्यभागी खाली झुकते. अतिभार हे नेहमीचे कारण.
* बाजूला वाकणे : दोन्ही तुळया डावीकडे किंवा उजवीकडे वळतात.
* चौकट तिरकी होणे : एक तुळई दुसरीच्या पुढे वा मागे सरकते आणि काटकोन बिघडतात.
* पिळणे : एका टोकाचा एक कोपरा वर, तर दुसरा खाली जातो.
* आखूड होणे : धडकेने तुळईला सुरकुती पडून तिची लांबी घटते.

एकाच अपघातात यांपैकी दोन-तीन विकृती एकत्र आढळतात. डोळ्यांना दिसते ती बहुधा बाजूची वाक. चौकटीचा तिरकेपणा आणि पीळ नजरेतून सुटतात. वाहन एका बाजूला ओढणे, मागची चाके पुढच्यांच्या मागोमाग न चालणे आणि टायर एकाच कडेने झिजणे ही त्यांची लक्षणे आहेत. तथापि पुढच्या चाकांची जुळणी बिघडल्यास किंवा कमानपाट्याचा सेंटर बोल्ट तुटल्यासही अशीच लक्षणे दिसतात. त्यामुळे चेसिसला हात लावण्यापूर्वी हे भाग तपासून घ्यावे लागतात.

मोजमाप

वाहन रिकामे करून सपाट, पक्क्या जमिनीवर उभे केले जाते. दोन्ही तुळयांवरील समोरासमोरच्या ठरावीक बिंदूंपासून (उदा. कमानपाट्याच्या कंसाचे बोल्ट) ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करतात. वाहन हलवल्यावर जमिनीवर सांगाड्याचा आराखडाच मिळतो. मग त्यातील चौकोनांचे दोन्ही कर्ण मोजतात. लांबी-रुंदी योग्य असूनही कर्ण असमान आले, तर चौकट तिरकी आहे. दोन टोकांच्या मध्यबिंदूंमध्ये ताणलेल्या दोरीवरून बाजूची वाक कळते, तर तुळईच्या कडेलगत लांबीभर ताणलेल्या दोरीवरून लवण कळते. पिळासाठी पुढे व मागे आडव्या ठेवलेल्या दोन सरळ पट्ट्या एका रेषेत पाहतात. त्या समांतर नसल्यास सांगाडा पिळलेला आहे. मान्य फरक काही मिलिमीटरांचाच असतो व तो निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

सरळ करण्याच्या पद्धती

पोलाद एका मर्यादेपर्यंत लवचिक असते. भार काढला की ते पूर्ववत होते. ती मर्यादा ओलांडल्यावर वाक कायम राहते. म्हणून वाकलेली तुळई सरळ रेषेपर्यंत ढकलून सोडली तर थोडी मागे येते. कारागीर ती रेषेच्या किंचित पलीकडे नेतो, दाब काढून पुन्हा मोजतो आणि हे टप्प्याटप्प्याने करतो. गॅरेजमध्ये यासाठी जमिनीत पक्की बसवलेली तुळई, साखळ्या आणि हायड्रॉलिक जॅक वापरतात. दाब एका बिंदूवर न देता मधे जाड लोखंडी ठोकळा ठेवून पसरवला जातो, अन्यथा कड चेपते.

घणाने ठोकणे, किंवा झाडाला बांधून दुसऱ्या वाहनाने ओढणे या पद्धतींत जोर मोजता येत नाही आणि दिशाही हातात राहत नाही. ताणलेली साखळी तुटल्यास तिचा फटका जीवघेणा ठरतो.

उष्णता देण्याचा प्रश्न पोलादाच्या प्रकारावर अवलंबून असतो. शेतीच्या ट्रॉल्यांसाठी सहसा बाजारात मिळणारे साधे चॅनेल वापरले जाते. आयएस २०६२ या मानकातील ई २५० प्रतीच्या अशा पोलादाची लवचिक मर्यादा सुमारे २५० मेगापास्कल असते व ते मर्यादित तापवणे सहन करते. ट्रकच्या तुळया अधिक बलाच्या पोलादाच्या असतात. काहींना कारखान्यात उष्णतासंस्कार दिलेला असतो. गॅसच्या ज्योतीने तो संस्कार नष्ट होतो. तुळई सहज सरळ होते, परंतु त्या जागी ती कायमची मऊ पडते आणि भरल्या मालाखाली पुन्हा तेथेच वाकते. हा दोष रंग दिल्यावर दिसत नाही.

सुरकुती पडलेली, तडा गेलेली किंवा पूर्वी एकदा सरळ केलेली तुळई पुन्हा वाकवण्याऐवजी बदलणे इष्ट मानले जाते, कारण वारंवार वाकवलेले पोलाद ठिसूळ होते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढणे आवश्यक असते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या ट्रकांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बरेच असल्याने या दक्षतेचे महत्त्व वाढले आहे.

कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार प्रत्येक वाहनावर चेसिस क्रमांक कोरलेला असतो. त्या जागी घासणे, कापणे किंवा तापवणे टाळावे लागते, कारण क्रमांक अस्पष्ट झाल्यास वाहनाची ओळखच संशयास्पद ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. लांबी वाढवणे किंवा संपूर्ण चेसिस बदलणे याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. धुळ्याचा नोंदणी संकेत एमएच-१८, तर जळगावचा एमएच-१९ आहे.

कलम ५६ नुसार मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास ते दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर एका वर्षासाठी दिले जाते. विम्याचा दावा करावयाचा असल्यास दुरुस्तीपूर्वी सर्वेक्षकाची पाहणी व्हावी लागते. त्याआधीच घरी केलेल्या दुरुस्तीमुळे नुकसानीचा पुरावा नाहीसा होतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. अतिभारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

घरगुती दुरुस्तीची मर्यादा

मोजमाप, रिव्हेट व बोल्ट तपासणे, गंज काढणे आणि तडे शोधणे ही कामे ओळंबा, दोरी व टेप एवढ्या साधनांनी घरी नीट करता येतात. साध्या चॅनेलच्या ट्रॉलीची किरकोळ वाकही घरी काढता येते. ट्रकची तुळई मात्र सरळ दिसली म्हणून तिचे बल परत आले असे होत नाही. घाटउतारावर ब्रेक लागताच सगळा भार पुढे येतो, तेव्हा अशा तुळईची परीक्षा चालकाबरोबर रस्त्यावरील इतरांनाही द्यावी लागते.

हेही पहा

* ट्रक
* खानदेश
* कमानपाटा
* मोटार वाहन अधिनियम, १९८८