स्मार्ट द्रव सँडविच पटल

स्मार्ट द्रव सँडविच पटल म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्राने घट्ट होणारा द्रव बंदिस्त करून तयार केलेले पटल होय. विमाने व वाहने यांच्यातील कमी वारंवारतेचा गोंगाट घटवण्यासाठी त्याचा अभ्यास केला जातो.

१०० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. काही सेंटिमीटर जाडीचा स्पंज किंवा काचलोकर तिच्यापुढे फारशी उपयोगी पडत नाही. भिंत जड करणे हा जुना उपाय. परंतु वस्तुमान दुप्पट केले तरी ध्वनिरोध जेमतेम ६ डेसिबेलने वाढतो. विमानाला हा भार परवडत नाही. पटलाच्या अनुस्पंदनाच्या वारंवारतेपाशी तर तेवढाही रोध मिळत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे.

या द्रवात, म्हणजे तेलात, सूक्ष्म कण मिसळलेले असतात. क्षेत्र लावताच कणांच्या साखळ्या बनतात व काही मिलिसेकंदांत द्रव अर्धघन होतो. विद्युतीय प्रकारावर विलिस विन्स्लो यांनी, तर लोहकणयुक्त चुंबकीय प्रकारावर जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत काम केले. गाभा ताठ झाल्याने अनुस्पंदनाची वारंवारता वर सरकते. कंपनऊर्जेचा काही भाग द्रवात उष्णतारूपाने खर्ची पडतो. मात्र एका वारंवारतेला घटलेला आवाज दुसऱ्या वारंवारतेला वाढू शकतो. त्यामुळे इंजिनाची गती बदलेल तसे क्षेत्रही बदलावे लागते. ‘स्मार्ट’ हे विशेषण म्हणूनच थोडे उदार आहे. निर्णय द्रव नव्हे, नियंत्रक यंत्रणा घेते.

कण तळाशी बसणे आणि गळती या नेहमीच्या तक्रारी आहेत. विद्युतीय प्रकारास जाडीच्या दर मिलिमीटरमागे हजारो व्होल्ट लागतात, तर चुंबकीय प्रकारात वेटोळ्यांचे वजन वाढते.